चेरीला फुलं भरभरून येतात, मग फळ का धरत नाही?

प्रश्न: पुण्यात आमच्या गच्चीवर बार्बाडोस चेरीचं झाड चार वर्षांपासून आहे. कुंडी 12 इंची. वर्षातून चार-पाच वेळा गुलाबी फुलांनी झाड लगडतं, पण आठवड्याभरात सगळी फुलं खाली. वर्षाकाठी जेमतेम पंधरा-वीस चेऱ्या मिळतात. रोज सकाळी बोअरचं पाणी घालते, दर पंधरा दिवसांनी चमचाभर डीएपी खत देते. हल्ली नवी पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या असतात. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसतं. नर्सरीवाले म्हणाले, झाड नर आहे, काढून टाका. काढू का? – एक वाचक, पुणे

उत्तर: काढू नका. झाड नर नाही. नर आणि मादी अशी वेगळी झाडं पपईत असतात, बार्बाडोस चेरीत नसतात. हिच्या प्रत्येक फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. वर्षातून चार-पाच बहर देणारं झाड वांझ कसं म्हणायचं? फूल उमलल्यापासून फळ धरेपर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडतंय. तुमच्या पत्रावरून अशा तीन जागा दिसतात: परागीभवन, कुंडी-पाणी आणि डीएपी. पहिली सगळ्यांत मोठी, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आधी ओळख पक्की करू, कारण नर्सरीत ‘चेरी’ या एका नावावर अनेक झाडं खपतात. हिमाचल-काश्मीरची खरी चेरी वेगळीच. तिला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते, ती पुण्यात मिळत नाही, त्यामुळे ते रोप इथे जगलं तरी फळत नाही. सुरीनाम चेरीची फुलं पांढरी आणि फळ छोट्या लाल भोपळ्यासारखं, उभ्या धारांचं. सिंगापूर चेरी तर चांगला सावली देणारा वृक्ष आहे. (आणि केकवर लावतात ती लालभडक चेरी पुष्कळदा पाकात मुरवलेलं करवंद असतं.) तुमची फुलं गुलाबी आहेत. पाकळ्या पाच, देठाकडे चिंचोळ्या आणि कडेला झालरीसारख्या चुरगळलेल्या असतील, फळात तीन खडबडीत बिया निघत असतील, तर ही बार्बाडोस चेरीच. हिलाच एसेरोला किंवा वेस्ट इंडियन चेरी म्हणतात.

आता एक फूल तोडून हातात उलटं धरा. पाकळ्यांच्या मागे, निदलांवर, सहा ते दहा हिरवट-पिवळसर फुगीर पुटकुळ्या दिसतील. नखाने दाबली की तेलकट लागतं. खरी गोष्ट इथे आहे. बहुतेक फुलं माश्यांना मध देतात. हे फूल मध देत नाही, तेल देतं. हिच्या मूळ प्रदेशात, म्हणजे कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग इथे, सेंट्रिस नावाच्या एकट्या राहणाऱ्या माश्या आहेत. त्या हे तेल पायांनी खरवडून पिल्लांसाठी नेतात आणि खरवडताना त्यांचं पोट परागांनी माखतं. त्या माश्या आपल्याकडे नाहीत. आपल्या मधमाशीला या फुलात मध सापडत नाही, म्हणून ती क्वचितच फिरकते. हवाई बेटांवर ही चेरी नेली तिथेही फुलं उदंड आणि फळ थोडकं, हीच तक्रार होती. पराग पोचला नाही की फूल चार-पाच दिवसांत देठासकट गळतं. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय.

म्हणजे माशीचं काम आपल्याला करायचंय. दोन नंबरचा मऊ जलरंगाचा ब्रश घ्या, कोरडा. फूल ज्या सकाळी उमललं त्याच सकाळी, दव वाळल्यावर, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान बसा. फुलाच्या मधोमध दहा पुंकेसरांचं कोंडाळं असतं आणि त्यांच्या आत तीन स्त्रीकेसर. ब्रश आधी पाच-सहा फुलांच्या पुंकेसरांवरून हलके फिरवा. टोकाला पिवळी पूड दिसली पाहिजे. दिसली नाही तर अजून अर्धा तास थांबा. मग तोच ब्रश एकेका फुलाच्या तिन्ही स्त्रीकेसरांच्या टोकांना टेकवा. घासू नका, नुसतं टेकवा. एका फुलाला तीन-चार सेकंद पुरतात. एक बहर आठ-दहा दिवस चालतो आणि रोज नवी फुलं उमलतात, तेव्हा हे दिवसाआड तरी करायला हवं. पावसाळ्यात पराग भिजून गोळा होतो, म्हणून दोनेक तासांची उघडीप बघूनच बसा. या दिवसांत फुलांवर कसलीही फवारणी नको, कडुनिंबाचं तेलही नको.

पहिल्या बहरात एक छोटी परीक्षा जरूर करा. ब्रश लावलेल्या वीस फुलांच्या देठांना लाल दोरा बांधा, न लावलेल्या वीस फुलांना पांढरा. सहाव्या-सातव्या दिवशी बघा. फळ धरलं असेल तर पाकळ्या सुकूनही देठ हिरवा आणि ताठ राहतो, मधला हिरवा मणी मोहरीएवढा फुगतो. लाल दोऱ्याची फुलं टिकली आणि पांढऱ्याची गळली, तर निदान झालं. दोन्ही गळली तर दोन शक्यता उरतात. एक, पाणी, ऊन किंवा खताचा त्रास, त्याबद्दल पुढे येतंच. दुसरी, तुमचं झाड स्वतःचाच पराग स्वीकारत नसेल. या चेरीच्या काही वाणांत तसं असतं. ते तपासायला ओळखीत कुणाकडे ही चेरी असेल तर तिची सकाळी उमललेली दहा-बारा फुलं कोरड्या डबीत घालून आणा आणि त्याच दिवशी दुपारच्या आत त्यांचे पुंकेसर तुमच्या फुलांना टेकवा. त्याने फळ धरलं तर गच्चीवर दुसऱ्या वाणाचं एक रोप हवंच. पण ते त्याच नर्सरीतून, त्याच मातृवृक्षाच्या छाटापासून केलेलं आणाल तर उपयोग शून्य. दिसायला दोन झाडं, आतून एकच.

दुकानात फुलगळ थांबवणारी संजीवकं, म्हणजे झाडाच्या वाढीची हार्मोन्स, मिळतात. त्यांनी फळ धरतं हे खरं, पण त्यांचं माप लिटरला मिलिग्रॅममध्ये असतं. घरी बाटलीच्या झाकणाने मोजून कुंडीवर मारली की मात्रा हटकून जास्त होते, शेंडे वळतात आणि झाड दोन-तीन महिने मागे पडतं. ब्रश हातात असताना त्या वाटेला जाऊ नका.

आता कुंडी. चार वर्षांच्या झाडाला 12 इंची कुंडी म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाला बाळुत्यात बांधल्यासारखं. मुळं भिंतीला गोल गोल फिरून घट्ट गोळा झालेली असणार. वर घातलेलं पाणी कडेने खाली उतरतं आणि गोळ्याचा मधला भाग कोरडाच राहतो. रोज पाणी घालूनही झाड दुपारी मलूल होत असेल तर ते याच कारणाने. कुंडी 18 इंची घ्या, म्हणजे 50 ते 60 लिटर माती मावेल. मृगाच्या एक-दोन सरी पडून हवा निवली की बदलायला उत्तम. भर मे महिन्यात मुळांना हात लावू नका. ओली कुंडी 70-80 किलोंपर्यंत भरते, तेव्हा ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई किंवा खांब असेल तिथे, चार विटांवर ठेवा. विटांमुळे तापलेल्या फरशीची धगही मुळांना लागत नाही.

मातीचं मिश्रण असं: चार भाग लाल किंवा पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि वर 200 ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट धुवायला विसरू नका, त्यात क्षार असतात. काळी माती टाळा. ती कुंडीत पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते, आणि आपल्या काळ्या मातीत बहुधा चुनखडीही असते. तुमच्या पिवळ्या पानांना तर ती आणखी नको. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्या, सकाळी गोळा अलगद बाहेर काढा, बाहेरच्या बाजूने फिरलेली मुळं धारदार सुरीने इंचभर तासा आणि वरचा फांद्यांचा पसारा तिसरा हिस्सा कमी करा. मुळं कापून वरचा भार तसाच ठेवला तर झाड सुकतं. नंतर आठ-दहा दिवस हलकी सावली, मग परत ऊन. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळालंच पाहिजे.

गोळा बाहेर काढलाय तोवर मुळं नीट बघा. हे पाहणं अजिबात टाळू नका, कारण या चेरीचा मोठा शत्रू जमिनीत असतो: गाठी करणारी सूत्रकृमी, डाळिंबवाल्यांच्या परिचयाचीच. बारीक मुळांवर ज्वारीच्या दाण्यासारख्या गाठींची माळ दिसते. नखाने खरवडून गाठ निघाली नाही, ती मुळाचाच भाग निघाली, तर सूत्रकृमी समजा. थोड्या असतील तर गाठी असलेली मुळं कापून टाका, नव्या मातीत निंबोळी पेंड 300 ग्रॅमपर्यंत वाढवा, ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस या मित्रबुरशींची भुकटी प्रत्येकी 10 ग्रॅम दोन मुठी गांडूळखतात कालवून घाला आणि कुंडीच्या कडेने झेंडू लावा. सगळी मुळं गाठाळली असतील तर त्या झाडामागे वर्ष घालवू नका; वरच्या निरोगी फांदीची गुटी बांधा (फांदी झाडावर असतानाच साल काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळा) आणि मुळं सुटली की नवं रोप नव्या मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत घालायची नाही. टोमॅटो-वांग्याच्या वाफ्यात तर मुळीच नाही.

नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाच्या कमतरतेची खूण. जुनी पानं पिवळी पडली असती तर वेगळं काही म्हटलं असतं. लोह मातीत असतं, पण झाडाला उचलता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते आणि लोह अडकून बसतं; त्यात दर पंधरवड्याला डीएपी. डीएपीत स्फुरद खूप असतं. साठलेलं स्फुरद लोह आणि जस्त दोन्ही अडवतं, आणि त्यातलं नत्र पानांचा जोर वाढवून फळधारणेच्या वेळी झाडाची ताकद पालवीकडे वळवतं. डीएपी आजपासून बंद. कुंडीला राखही घालू नका. राखेत पालाश असलं तरी ती माती आणखी अल्कधर्मी करते. शक्य तितकं पावसाचं पाणी पिंपात साठवून वापरा. पानांवर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह, (ईडीटीए) लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या, कुंडीला 2-3 ग्रॅम पाण्यात विरघळवून. ईडीटीए अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पिवळं पडलेलं पान पूर्ण हिरवं होईलच असं नाही. उपाय लागू पडला का, ते पुढच्या पालवीत कळेल.

खत नंतर एवढंच: महिन्याला दोन मुठी गांडूळखत, तीन महिन्यांनी 50 ग्रॅम निंबोळी पेंड, आणि कळ्या दिसू लागल्या की सल्फेट ऑफ पोटॅश (0:0:50) 5 ग्रॅम लिटरभर पाण्यात, महिन्यातून एकदा मातीत. कळ्या मोहरीएवढ्या असताना बोरिक अ‍ॅसिड लिटरला 1 ग्रॅम, एकदाच फवारा. दुसऱ्यांदा नको, बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात.

पाणी रोज घालायचं की नाही हे घड्याळ नाही, बोट ठरवेल. दोन इंच बोट खुपसून माती कोरडी लागली तरच, आणि घातलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत. ही चेरी कोरड्यानंतर पाणी मिळालं की पालवी फोडते आणि तिच्याबरोबर कळ्या काढते. वळवाच्या पावसानंतर तुमचं झाड फुललेलं तुम्ही पाहिलं असेलच. म्हणून लिंबा-डाळिंबासारखा ताण द्यायचा, म्हणजे काही दिवस पाणी तोडायचा, मोह होतो. जमिनीतल्या झाडाला तो चालतो. कुंडीत मात्र पाणी नुसतं जरा हात राखून, चार-पाच दिवस, पानं किंचित मलूल होण्याआधीपर्यंतच. आणि फळ धरल्यावर एकही दिवस माती कडक वाळू द्यायची नाही, नाहीतर मण्याएवढी फळं गळतात. एप्रिल-मेच्या दुपारी 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. भाजून काढणाऱ्या वाऱ्यात स्त्रीकेसराचं टोक सुकलं तर ब्रशही काही करू शकत नाही.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा. बेचक्यातले राहिले ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 2 मिली द्रव साबण, संध्याकाळी, आठ दिवसांच्या अंतराने तीनदा, फुलं नसताना. तेल आणि साबण आधी आपसात घोटा, मग पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. मुंग्यांची रांग तोडली नाही तर सगळी मेहनत वाया, कारण त्याच या ढेकणांना फांदी-फांदीवर नेतात. खोडाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून त्यावर व्हॅसलिन लावलं तरी पुरतं.

छाटणी वर्षातून दोनदा, थंडी सरताना फेब्रुवारीत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर. बुडातून दहा धुमारे येऊ देऊ नका. तीन ते पाच खोडं ठेवा. आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, उरलेल्यांचे शेंडे चार बोटं खुडा. फुलं नव्या आखूड फुटव्यांवर येतात, म्हणून हलकी छाटणी बहर आणते, तर दर पंधरा दिवसांनी कुंपणासारखी कात्री चालवली की फुलाआधीच फुटवा कापला जातो. छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण कोवळ्या पानांवर बारीक लव असते, ती घामेजल्या हाताला खाजते.

फळ धरल्यापासून तीन ते चार आठवड्यांत पिकतं आणि मग अजिबात थांबत नाही. रोज, फार तर दिवसाआड तोडा. तोडलेली चेरी घरात दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून जास्त निघाली तर धुऊन, कोरडी करून थेट फ्रीझरमध्ये. पोर्तो रिकोत 1946 साली हिच्यातलं क जीवनसत्त्व मोजलं गेलं आणि हिचं नाव जगभर झालं: 100 ग्रॅम फळात 1,000 मिलिग्रॅमच्या पुढे, अर्धवट पिकलेल्यात आणखी जास्त. प्रौढ माणसाची दिवसाची गरज 65 ते 80 मिलिग्रॅम, म्हणजे एक-दोन फळांत भागते. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर वाटीभर रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. शिजवलं की हे जीवनसत्त्व बरंच कमी होतं. त्यापेक्षा फळं हातानेच कुस्करून गाळा, साखर, काळं मीठ घालून सरबत करा. मिक्सरला लावू नका, बिया भरडून कडवट-तुरट उतरतात.

त्या बिया पेरण्याच्या फंदात पडू नका. पुष्कळ बिया आतून पोकळ असतात आणि उगवल्या तरी फळ कसं येईल सांगता येत नाही. रोप गुटीने किंवा छाट कलमाने करा. छाट पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचा, 20-25 सेंटिमीटर लांब, वर दोन-तीन पानं ठेवून, बुडाला मुळं फुटायची पावडर लावून ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत लावा. मुळं सुटायला दोन महिने लागतात. पावसाळा त्यासाठी सोयीचा, आणि छाटणीत फांद्या निघणारच आहेत. ज्यांच्या झाडाचा पराग आणून तुम्ही परीक्षा करणार आहात, त्यांना तुमचे चार छाट द्या आणि त्यांचे चार मागून घ्या. दोन्ही गच्च्यांवर दोन वेगळे वाण होतील आणि दुसऱ्या वर्षापासून पराग आणायला डबी घेऊन जावं लागणार नाही.